गोलपोस्टमागचे बाबा

तेलंगणातल्या बाजारहत्नूरच्या तहसील कचेरीतले कारकून देवानंद मुलीच्या प्रत्येक सामन्याला गोलपोस्टच्या मागे उभे राहत. अर्पिता तेरा वर्षांची, फुटबॉल संघाची गोलकीपर. "डावीकडं सरक!", "पुढं निघ!" असं ते मराठीतून ओरडत आणि ती तसंच करी. समोर खेळणाऱ्या करीमनगरकडच्या तेलुगू मुलींना त्यातलं अक्षरही कळत नसे. संघात नव्यानं आलेल्या मुलीचे वडील, महिपत, सल्ला विचारायला आले तेव्हा देवानंद ऐटीत म्हणाले, "मागं उभं राहाचं अन् सांगत राहाचं. पोरीले एकटं वाटलं नाही पाह्यजे."

त्या रविवारी आदिलाबादच्या मैदानावर समोर किनवटचा संघ होता.

"निघ पुढं, अर्पिता! निघ!"

अर्पिता निघाली. किनवटच्या नऊ नंबरच्या पोरीनं चेंडू अलगद तिच्या डोक्यावरून जाळीत टाकला आणि गोलपोस्टमागे पाहून हसली. "काका, आता मी काय करू, ते बी सांगा नं!"

सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या पोरी मराठी बोलतात हे देवानंदांना काय माहीत नव्हतं? हात दाखवून अवलक्षण. तरी पाच मिनिटांनी ते पुन्हा ओरडलेच.

हाफटाइमला ते पाण्याची बाटली घेऊन गेले. अर्पितानं ती घेतली नाही.

"बाबा, त्यायले सगळं समजून राह्यलं."

"मंग हळूच सांगतो."

"हळू बी नको. तुमी बोलले का मी बॉल सोडून तुमचंच ऐकत बसते."

"तं मी घरी जाऊ?" ते चिडून म्हणाले.

अर्पिता विचार करू लागली. तिला आपण नको झालो तर? दोन वर्षांत त्यांनी तिचा एकही सामना चुकवला नव्हता.

"जाऊ नका," ती म्हणाली. "तिकडं बाजूले बसा. पन एक शब्द बोलले, तं पुढच्या मॅचले येऊ नका."

देवानंद महिपतांशेजारी जाऊन बसले. न राहवून तोंड उघडेल म्हणून त्यांनी बाटलीतलं पाणी तोंडात धरलं.

"दात दुखून राह्यला का?" महिपतांनी विचारलं. देवानंदांनी नुसती मान हलवली.

अर्पिताच्या संघानं बरोबरी साधली. शेवटच्या मिनिटांत किनवटला पेनल्टी मिळाली. नऊ नंबरची पोर चेंडू ठेवून अर्पिताच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहू लागली. ज्या कोपऱ्याकडे पाहते, तिकडे ती कधीच मारत नाही, हे देवानंदांनी मघापासून तीनदा टिपलं होतं. त्यांनी पाणी गिळलं, तोंड उघडलं आणि तळहातानं दाबून मिटलं.

अर्पिता उजवीकडे झेपावली. चेंडू डावीकडून आत गेला.

सामना संपल्यावर ती हातमोजे काढत त्यांच्यापाशी येऊन बसली. गुडघा खरचटला होता.

"तुमाले माहीत होतं नं, ती कुठं मारते ते?"

"होतं."

"मंग?"

"तिनं बी ऐकलं असतं."

अर्पिताला हसू आलं. "कसं वळखलं?"

देवानंदांकडे उत्तर तयार होतं. त्यांनी बाटली तिच्या हातात दिली.

"तुले काय दिसलं, ते सांग आधी."

अर्पिता दोन घोट प्याली आणि नऊ नंबरच्या पोरीच्या पहिल्या फटक्यापासून सांगू लागली.