बघण्याची फेरी

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेच्या दुपारी विनिफ्रेडच्या घरी खेळ व्हायचा म्हणजे व्हायचाच. बाहेर बर्फ पडो, कुणाला ताप येवो, कालची थंड टर्की आणि लोणच्यातले कांदे पोटात गेले की सगळ्यांनी डोक्यावर कागदी मुकुट चढवून दिवाणखान्यात शेकोटीभोवती बसायचं. खेळ तसा पोरकटच. एकाने दिवाणखान्याबाहेरच्या बोळात जाऊन उभं राहायचं. आतल्यांनी एक शब्द ठरवायचा, 'कसं?' या प्रश्नाचं उत्तर होईल असा. रागाने, लाजत, घाईघाईने, असलं काहीतरी. मग बाहेरच्याने आत येऊन ज्याला त्याला कामं सांगायची आणि ती कामं ज्या तऱ्हेने होतात त्यावरून शब्द ओळखायचा. नाही ओळखला, तर ज्याने शब्द सुचवला त्याने बाहेर जायचं. शेवटची फेरी बघण्याची. प्रत्येकाने पाळीपाळीने ओळखणाऱ्याकडे नुसतं बघायचं, त्या शब्दाप्रमाणे. हे सगळे नियम विनिफ्रेडच्या नवऱ्याने घातले होते. तो जाऊन अकरा वर्षं झाली, नियम मात्र कुणाची मोडायची हिंमत झाली नव्हती.

रोवेना या घरची सून. यंदा तिला खेळात काडीचाही रस नव्हता. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: आज नवऱ्याबरोबर, ॲलिस्टरबरोबर गाडीत बसून घरी जायचं नाही. कसंही करून नाही.

झालं होतं ते इतकंच. जेवताना नणदेच्या नवऱ्याने, निगेलने विचारलं, "काय रे ॲलिस्टर, गाडीला पोचा कसला?" "हरिण आडवं आलं," ॲलिस्टर म्हणाला. आणि रोवेना हसत बोलून गेली, "हरिण कसलं, आपल्याच फाटकाचा खांब!" सगळे खो खो हसले. ॲलिस्टरही हसला. मग त्याने मान किंचित उजवीकडे कलती केली आणि तिच्याकडे बघितलं. ओठांवर हसू तसंच, डोळे मात्र स्थिर, पापणीसुद्धा लवत नव्हती. रोवेनाच्या हातातला काटा ताटावर वाजला. ऑक्टोबरात त्याने असंच बघितलं होतं, शेजाऱ्यांच्या देखत. त्या रात्री तिचं कोपर मोडलं. सफरचंदं काढताना शिडीवरून पडले, असं तिने सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. का नाही पटणार? ॲलिस्टर गुरांचा डॉक्टर, पंचक्रोशीतला लाडका माणूस. अडलेल्या गाईशी तो असं गोड बोलायचा की बघणाऱ्याचे डोळे पाणवावेत.

भांडी पुसताना तिने सासूपाशी विषय काढून पाहिला. "विनिफ्रेड, आज आम्ही दोघी इथेच राहिलो तर चालेल का? मी आणि इडी?"

"अगं, वरच्या खोलीचं छत गळतंय. आणि ॲलिस्टरला एकट्याला पाठवायचं म्हणजे..." विनिफ्रेडने बशी उगाचच दोनदा पुसली. "काही झालंय का?"

"छे, काही नाही," रोवेना म्हणाली. सवयीने तोंडातून तेच आलं. स्वतःचाच असा संताप आला तिला!

खेळात तिचीच पाळी आली. बोळात कोटांच्या ओळीपाशी ती कुडकुडत उभी राहिली. बाहेरच्या दाराच्या काचेतून अजून थोडा उजेड दिसत होता, पण चार वाजत आले होते, घटकाभरात मिट्ट काळोख होणार होता. आत कुजबुज, मग ॲलिस्टरचा आवाज: "मी सुचवतो, मी सुचवतो!" मग हशा. तिची सहा वर्षांची लेक इडी किंचाळून टाळ्या वाजवत होती.

"ये गं आत!" फिलिपाने, नणदेने, हाक मारली.

रोवेनाने निगेलला चहा ओतायला सांगितलं. त्याने किटलीला असं गोंजारलं की फिलिपा म्हणाली, "माझ्या वाट्याला नाही आलं हो हे कधी!"

"हळुवारपणे?" रोवेनाने विचारलं.

"चूक!"

फिलिपाला कुत्र्याला उठवायला सांगितलं. तिने त्याच्या कानाचा पापा घेतला. कुत्रं घोरतच राहिलं. "लाडाने?"

"जवळ आलीस! पण चूक. आता एकदाच सांगायचं. बघण्याची फेरी!"

सगळे सावरून बसले. निगेलने डोळे मिचकावले. फिलिपाने छातीवर हात ठेवून नाटकी उसासा टाकला. विनिफ्रेडने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि साधंसंच बघितलं. शब्द रोवेनाच्या ओठांवर आला होता. अगदी सोपा होता तो.

मग ॲलिस्टरची पाळी आली. त्याने मान किंचित उजवीकडे कलती केली.

शेकोटी रोवेनाच्या पाठीशी होती, तरी अंगावर काटा आला. ओठांवर आलेला शब्द कुठे गेला कुणास ठाऊक.

"माझी पाळी! माझी राहिली!" इडी गालिच्यावरून उठली. डोळ्यांवर घसरलेला मुकुट तिने वर सारला आणि आईसमोर येऊन उभी राहिली. तिने मान उजवीकडे कलती केली. ओठांवर हसू आणलं. डोळे स्थिर केले, इतके की पापणी लवेना.

"अगबाई! बापाची सहीसही नक्कल!" फिलिपा हसत सुटली. निगेलही हसला. ॲलिस्टरने कौतुकाने मांडीवर थाप मारली.

आणि रोवेना बोलून गेली, "धमकावून."

हसू जिथल्या तिथे थांबलं. निगेलने घसा खाकरला.

"चूक! मम्मी हरली!" इडी उड्या मारू लागली. "'प्रेमाने' होता शब्द! डॅडी तुझ्याकडे असंच तर बघतो!"

सहा वर्षं रोवेना सगळं झाकत आली होती, का तर पोरीला काही कळू नये म्हणून. पोरीला सगळं दिसत होतं. त्या बघण्याला काय म्हणायचं, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

ॲलिस्टर उठला. "मजा आली. चला, अंधार पडायच्या आत निघू या. रोवेना, कोट घे."

"बस," विनिफ्रेड म्हणाली. "शब्द तू सुचवलास. तिला ओळखता आला नाही. आता तू बाहेर जायचंस."

"मम्मी, पुरे आता. उशीर होतोय."

"नियम म्हणजे नियम. तुझ्या वडिलांनी घातलेला आहे."

त्याने सगळ्यांकडे पाहिलं. चारचौघांत खेळ मोडणाऱ्यांतला तो नव्हता. "बरं बाई. लवकर ठरवा." जाता जाता रोवेनाकडे बघून तो हसला आणि दार ओढून घेत बाहेर गेला.

विनिफ्रेड उठली. ती दारापाशी गेली आणि तिने कुलपातली किल्ली हळूच फिरवली. तेल घातल्यासारखी फिरली किल्ली, हूं नाही की चूं नाही. मग तिने बागेकडच्या काचेच्या दारावरचा पडदा सारला.

"निगेल, तुझी गाडी मागे गॅरेजपाशी आहे ना? या दोघींना घेऊन जा. तुमच्या घरी. आत्ता, या दारातून."

"पण विनिफ्रेड, झालंय काय?" निगेल गोंधळून कुजबुजला.

"निगेल, ऊठ," फिलिपा म्हणाली. ती याच घरात वाढली होती आणि तिला काही विचारायची गरज पडली नाही. तिने मोज्यांवरच्या इडीला सरळ कडेवर उचललं.

विनिफ्रेडने आपली शाल काढून रोवेनाच्या खांद्यांवर टाकली. शाल ओढताना बाही वर सरकली आणि म्हातारीचं मनगट दिसलं, कधीकाळी मोडून वाकडं जुळलेलं. बाराही महिने ती लांब बाह्या का घालते, हे रोवेनाने इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. "दुपारीच कळायला हवं होतं मला," विनिफ्रेड म्हणाली. "कळलंही होतं गं. मी बशी पुसत बसले."

"तुम्हीही चला," रोवेनाने तिचा हात घट्ट धरला. "विनिफ्रेड, चला ना."

"मी कशी येऊ? त्याला आत बोलवायला कुणीतरी नको का?"

बागेतली हवा अंगाला झोंबत होती. गवतावर दहिवर गोठून कडक झालं होतं आणि पायांखाली करकरत होतं. फिलिपाच्या खांद्यावरून इडीने विचारलं, "मम्मी, आपण का चाललो? डॅडीसाठी शब्द कुठला ठरला?" रोवेनाने तिच्या ओठांवर हात ठेवला.

मागे उजेडात विनिफ्रेड शेकोटीपाशी जाऊन बसलेली दिसत होती, बंद दाराकडे तोंड करून, डोक्यावर हिरवा कागदी मुकुट तसाच. दारावर टकटक झाली. बागेपर्यंत ऐकू आली.

"ठरला का?" ॲलिस्टरने हसत विचारलं.

"नाही रे बाळा," विनिफ्रेड मोठ्याने म्हणाली. "थांब जरा."

निगेलने गाडी सुरू केली तेव्हा दारावरचा आवाज वाढला होता. आता तो टकटक राहिला नव्हता.