ओव्याचं पाणी आणि बरणीतलं हृदय

मी रुपरावांचं हृदय. ठोके थांबले म्हणून बोलणंही थांबलं, असं समजू नका. भिवापूरकडच्या मिरचीच्या शेतात जन्मभर धडधडलो. रुपरावांनी देहदान केलं, म्हणून आता नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात बरणीत बसलोय. बरणीवर नाव नाही, नुसता क्रमांक.

इथे आधी माझी वाटणी झाली होती. शरीररचनेचे सर माझ्या रक्तवाहिन्या दाखवत, दुसरे सर ठोके शिकवत, तिसऱ्या मॅडम रक्तातली रसायनं. कुणी दुसऱ्याच्या वर्गाकडे ढुंकूनही बघत नसे. मग गार्गी मॅडम अभ्यासक्रमाच्या समन्वयक झाल्या. त्यांनी विभागांचे उंबरे झिजवले, रुसवे काढले आणि तिघांना एका वर्गात आणलं. एका आठवड्यात एकच अवयव, सगळ्यांनी मिळून.

यंदा माझ्याच आठवड्यात देहदात्यांच्या घरच्यांना आदरांजलीसाठी बोलावलं होतं. गार्गी मॅडम त्यांना वर्गातही घेऊन आल्या. एक आवाज आला आणि मी हादरलो. प्रयागबाई! रुपरावांची बायको. तिनं मला कसं ओळखावं?

"पोरी, आमच्या मालकाचं पोट दुखून राहिलं होतं," ती मिनल नावाच्या विद्यार्थिनीला म्हणाली. "दोन दिवस मी ओव्याचं पाणीच देत राहिली. ते गेल्यावर डाक्टर म्हणे, हार्ट होतं. मंग पोट काहून दुखलं वं? मी चुकली का?"

मिनलनं माझी बरणी उचलली.

"आजी, हृदयाची ही खालची बाजू पोटाच्या वरच टेकून राहते. दोघांच्या दुखण्याचा निरोप जवळपास एकाच वाटेनं मेंदूत जाते. म्हणून पोटच दुखल्यासारखं वाटते. तुम्हाले कसं समजणार होतं?"

"दवाखान्यात नेलं असतं तं?"

मिनलनं मॅडमकडे पाहिलं. गार्गी मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "कदाचित वाचले असते, आजी."

प्रयागबाईनं बरणीच्या काचेवर हात ठेवला. "याच्याबी घरी कोणी वाट पाहून राहिलं असंन," ती म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून मला चैन नाही. वर्ग रिकामा झाला की वाटतं, मी पुन्हा धडधडतोय आणि ती ओवा उकळतेय. मुलांनो, उद्या कुणी पोट धरून आलं तर आधी ईसीजी काढा. ते दोन दिवस मी ओरडत होतो.