तुरेवाल्यांचं खुराडं

विनोदची एक खोड मला तो लहान होता तेव्हापासून आवडत नाही. चूक केली की तो पळून जात नाही, रडत नाही आणि कबूलही करत नाही. तो कामाला लागतो. पाण्याचं मडकं फोडलं तर अंगण झाडायला घेईल, बैल दुसऱ्याच्या धानात गेला तर सरपण फोडत बसेल. एरवी मी दहा हाका माराव्या तेव्हा हा खाटेवरून पाय खाली सोडतो. आता चौतीस वर्षांचा बाप्या झाला, लग्न झालं, तरी तसाच आहे.

माझ्या कोंबड्यांचं वय आणि विनोदचं वय एकच. त्याच्या वेळी मी बाळंत झाले तेव्हा माझ्या आईनं माहेराहून एक कोंबडी आणि एक कोंबडा पाठवला होता, मला रस्सा करून घालायला. रस्सा मला नकोच होता आणि कोंबडीला तर सासूनं सुरी लावायच्याच सकाळी तिनं अंडं घातलं. अंड्यावरची कोंबडी कापायची नाही, असं मी म्हटलं. बाळंतिणीनं सासूला असं तोंड वर करून बोलायची तेव्हा रीत नव्हती, पण मी बोलले. ती कोंबडी राहिली आणि तिच्यासाठी कोंबडाही राहिला. डोक्यावर पिसांचा तुरा, पाय काळे, अंग चितकबरं. गावात कोणाकडे तशी जात नव्हती. कोणी माझं घर विचारत आलं तर गावातले सांगत, ज्या अंगणात तुरेवाल्या फिरतात ते सत्यभामाबाईंचं.

मागच्या दिवाळीला मानमोडी आली. माना वाकड्या करून कोंबड्या जागच्या जागी गोल फिरायच्या आणि पडायच्या. आठ दिवसांत अठ्ठावीस गेल्या. खुराडं ओस पडलं. हर्षा, माझी सून, म्हणाली की बाजारातून पांढऱ्या आणू. मी तिला सांगितलं की पांढऱ्या कोंबड्या हॉटेलवाल्यांनी पाळाव्या.

तुरेवाल्या आता एकाच ठिकाणी उरल्या होत्या, करडीला, माझ्या नणंदेकडे. चंद्रकांताला मी फार वर्षांपूर्वी एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, बटईनं दिली होती. तलंग माझी, दाणापाणी तिचं, पिल्लं अर्धी अर्धी. पण विनोदच्या लग्नात मी तिनं केलेल्या वरणाला चारचौघांत नाव ठेवलं आणि तेव्हापासून नऊ वर्षं आमचं बोलणं बंद होतं. माझी अर्धी पिल्लं मी मागितली नाहीत. मागायला जावं लागलं असतं.

यंदा पोळा झाल्यावर मी गेले. तिच्या ओट्यावर बसले, तिनं दिलेला चहा प्याले आणि वरण चांगलं होतं असंही म्हणाले. तिनं काही ताणलं नाही. ती लेकाकडे पुण्याला राहायला चालली होती, तिथं चौथ्या माळ्यावर कोंबड्या कुठं ठेवणार. ती म्हणाली की नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, अर्ध्या नको, साऱ्याच ने, पण तुझ्या खुराड्यात रोग बसला आहे, आधी ते नीट कर. मी तिच्याकडे तीन आठवडे मागितले. उठताना तिनं माझा हात धरला.

‘‘वहिनी, ह्या जातीची ह्याच्यामागं एकही नाई आता. जपून ठेवजो.’’

खुराडं विनोदच्या बाबांनी बांधलेलं. गुडघ्याइतकी मातीची भिंत, वर लाकडी पट्ट्या, त्यावर छपराला मातीचे कवेलू. पट्ट्या वाळवीनं खाल्ल्या होत्या, घुशींनी खालून भोकं केली होती आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्या आत लोळून पिसवा सोडून गेल्या होत्या. मी विनोदला सारं समजावून सांगितलं. आतली माती हातभर खणून दूर टाकायची, नवा मुरूम भरायचा, चुना मारायचा. घुशींच्या भोकांत बाटल्यांच्या काचा ठोकून वरून माती लिंपायची. मागच्या बाजूनं मुंगूस येतो, तिथं जाळी. पट्ट्यांच्या साऱ्या फटी शेणमातीनं बुजवायच्या, कारण पुढं थंडी आहे. सुई जायला जागा ठेवू नको, असं मी त्याला म्हटलं होतं. आणि पिसवांसाठी कडूनिंबाच्या पाल्याची धुरी, तीन संध्याकाळी.

तो हो म्हणाला आणि दोन आठवडे तसाच फिरला. मी रोज बोलले. जेवताना बोलले, तो पाहुण्यांत बसला असताना बोलले. तुझा बाप असता तर दोन दिवसांत उभं केलं असतं, म्हटलं. तुला फक्त मोबाईल पोसता येतो, म्हटलं. तो मान खाली घालून घास गिळायचा. शेवटी त्यानं काम केलं, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं केलं. बसायची दांडी गुळगुळीत तासली, जाळी ओढून बसवली. फटी मी स्वतः लिंपल्या, त्याच्या हातावर माझा विश्वास नव्हता. तुमसरच्या मिलमधून भुशाचं पोतं आणून मीच आत पसरलं.

धुरी त्यानं एकच संध्याकाळ दिली. करडीहून कोंबड्या घेऊन आल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाला की पिसवा आता राहणार नाहीत. मला वाटलं, धुरीनंच गेल्या असतील.

कोंबड्या आल्या त्या दिवशी मी दिवसभर करडीला होते. संध्याकाळी टोपल्यावर जाळं बांधून बसनं परत आले. नवी कोंबडी घरात आणली की तिला चुलीभोवती तीन वेळा फिरवायची, म्हणजे ती जुनं घर विसरते. मी एकेकीला फिरवली आणि अंधार पडता पडता खुराड्यात सोडली. मग दार लावलं. तीन दिवस दार उघडायचं नाही, ही आमची रीत. तोवर त्यांना जागा ओळखीची होते. पाण्याचं भांडं आणि तांदळाची कणी आत ठेवली. वास आला होता मला. पण या दिवसांत आमच्याकडे कोणत्या घरात फवारणीच्या औषधाचा वास नाही? धानावर तुडतुडा पडला की दोन महिने माणसांच्या कपड्यांना, अंथरुणाला, भाकरीलासुद्धा तोच वास. मी नाक पुसलं आणि घरात गेले.

पहिल्या सकाळी दोघी खाली बसलेल्या होत्या, चोचीतून लाळ गळत होती. मला वाटलं, बसमध्ये उकडलं असेल, शिणल्या. विनोद तोंडात ब्रश घेऊन विहिरीजवळ उभा होता. मी त्याला हाक मारून दाखवल्या. त्यानं जाळीतून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. चूळ भरली. मग कुऱ्हाड घेतली आणि दुपारपर्यंत सरपण फोडलं, सहा महिने पुरेल एवढं. मी हर्षाला म्हटलं, पाहा, कोंबड्या आल्या तसं तुझ्या नवऱ्याच्या अंगात काम आलं. त्याला जन्म दिला मी आणि मला ते दिसलं नाही. मी खुशीत होते.

दुसऱ्या सकाळी चौघी मेल्या होत्या. पाय ताठ, पंख पसरलेले. बाकीच्या कोंबड्यांना उभं राहता येत नव्हतं. मानमोडीच आली म्हणून मी कपाळ बडवलं आणि विनोदच्याच मोबाईलवरून चंद्रकांताला फोन लावला. रोगी कोंबड्या माझ्या पदरात टाकल्यास, वरणाचा सूड उगवलास, असं मी म्हणाले. आणखी काय काय म्हणाले ते मला सांगवत नाही. तिनं ऐकून घेतलं. एकदाच म्हणाली की माझ्याकडून निघाल्या तेव्हा धडधाकट होत्या, आणि फोन ठेवला. विनोद बाजूलाच उभा होता. मी फोन परत दिला तसा तो अंगण झाडायला गेला.

हर्षानं रिताला बोलावून आणलं. रिता आमच्या गावची पशुसखी, बकऱ्या-कोंबड्यांना लस देते. तिनं आधी मी बाहेर काढलेली एक मेलेली कोंबडी हातात घेऊन पाहिली, मग खुराड्याचं दार सताड उघडलं, डोकं आत घातलं आणि लगेच खोकत बाहेर काढलं.

‘‘तुडतुड्याचं औषध कोणं मारलं इथं?’’

 मग ती सांगू लागली की ही मानमोडी नाही, हा विषाचा वास आहे, साऱ्या फटी बंद आहेत, मागच्या वीतभर जाळीतून वास जाणार तरी किती. पहिल्या दिवशी दार उघडून मोकळ्या हवेत ठेवल्या असत्या तर निम्म्या तरी राहिल्या असत्या, असं ती म्हणाली. मी विनोदकडे पाहिलं. तो फावडं शोधत होता.

त्याच्याकडून सारं बाहेर काढायला मला फार वेळ लागला नाही. मी करडीला होते त्या दुपारी तो धानाच्या बांधीतून फवारा मारून आला होता. पंपात थोडं उरलं होतं. उरलेलं औषध आमच्याकडे कोणी फेकत नाही. गोठ्यात मारतात, नालीत मारतात, मुंग्यांवर मारतात. त्यानं ते खुराड्यात मारलं, पट्ट्यांवर, दांडीवर, भुशावरही. पिसवा एका झटक्यात मरतील आणि धुरीसाठी आईची कटकट संपेल, म्हणून.

दुपारपर्यंत उरलेल्या पाचही गेल्या. शेवटची माझ्या मांडीवर मेली. तिचा तुरा माझ्या ओल्या पदराला चिकटला होता, पदर माझ्या आसवांनी ओला झाला होता की तिच्या लाळेनं, मला सांगता येत नाही. कोंबडा वाचला. तो वर दांडीवर बसला होता, कवेलूत राहून गेलेल्या एका फटीजवळ. एकटा कोंबडा काय कामाचा. त्याला ते ठाऊक नाही, तो संध्याकाळी कुंपणावर चढून गळा ताणत होता.

शेजारची सुशीलाबाई आली आणि विचारून गेली की खाता येतील का. मी नाही म्हटलं. विनोदनं घराच्या मागं खड्डा खणला, चांगला खोल. उरलेला चुना मी आणून दिला. चंद्रकांताला मी तीन वेळा फोन लावला, ती आता उचलत नाही. आणि उचलला तरी तिच्याकडं द्यायला काय उरलं आहे.

माती लोटून झाल्यावर विनोद फावडं धुवायला निघाला. मी त्याला तिथंच थांबवलं.

‘‘पहिल्या सकाळीच तुले समजलं होतं ना?’’

‘‘हो.’’

‘‘मंग काहून नाई सांगतलं?’’

त्यानं फावड्यानं खड्ड्यावरची माती पुन्हा थोपटली. हर्षा मागच्या दारात उभी होती, तिनं आत जावं असं मला वाटलं, पण ती गेली नाही.

‘‘भेलो, आई. तू दिवसभर बोलली असती. म्हटलं, उठतीन आपोआप.’’

मला खूप काही बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण तो खांदे आवळून उभा होता, पाऊस अंगावर घेणाऱ्या बैलासारखा, आणि मला दिसलं की तो माझ्यासमोर नेहमी असाच उभा राहतो. चौतीस वर्षं मी याला धाक म्हणत आले.

‘‘आयक विनोद,’’ मी म्हणाले. ‘‘औषध तू मारलं, फटी म्या बुजवल्या, दार म्या लावलं. पण दार उघड म्हणून सांगाले एक दिवस होता तुह्याजवळ, आन तू सरपण फोडत बसला. तू वाईट नाईस. तू भेकड आहेस, आन तुले भेकड म्या केलं. आता या वयात दोघाईचंही काई सुधरत नाई. हे खुराडं उद्या पाड. ह्या घरात कोंबडी पोसाची लायकी नाई, ना तुही, ना माही.’’