तीनवर पाणी

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. लग्नासाठी शेजारून आणलेल्या खुर्च्या अजून परत गेल्या नव्हत्या. त्यांतल्याच एका खुर्चीवर आबा ताठ बसले होते आणि त्यांचा उजवा हात माउसवर होता. थोरलीनं मान हलवली. आबांनी क्लिक केलं, ओठांतल्या ओठांत मोजलं आणि स्क्रीनवर पान दिसताच डाव्या अंगठ्यानं कीबोर्डवरचं लांब बटण दाबलं.

"तीन," ते म्हणाले. "तीनवर पाणी."

आतून आईचा आवाज आला, "जन्मभर जमिनीत डोकं घातलं, आता त्या पेटीत घातलंय. वर बघा जरा, चहा निवतोय."

"ड्युटीवर आहे," आबा म्हणाले.

आबांनी चाळीस वर्षं विहिरी खणल्या होत्या. अक्षरं आली ती साठी उलटल्यावर. थोरलीनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठमोठी काढून दिली आणि त्यांनी ती पहार धरावी तशी पेन्सिल धरून गिरवली. मोजणं मात्र त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. विहिरीच्या काठावरून खडा सोडायचा आणि तो पाण्यावर वाजेपर्यंत आकडे म्हणायचे, एवढ्यावर ते खोली सांगत. मागून कोणी दोर सोडून पाहिला तर फरक वीतभर निघे.

थोरली एका पाणीपुरवठा कार्यालयाची यंत्रं सांभाळत असे. तिथल्या कारकुनांना आता घरून काम करायचं होतं. घरी त्यांच्यापुढे नुसता स्क्रीन असणार. खरं काम करणारं यंत्र लांबच्या एका इमारतीत, थंड खोलीत. बोट इथे दाबायचं, काम तिथे व्हायचं, आणि त्याचं चित्र परत इथे यायचं. या जाण्यायेण्याला किती वेळ लागतो, ते थोरलीला सहा महिने मोजून सांगायचं होतं. पान कधी पाठवलं ते यंत्राला कळतं, पण ते माणसाच्या डोळ्यांत कधी उतरलं ते त्याला कळत नाही. म्हणून तिनं बारा घरं निवडली होती. अकरा घरांत कारकून होते. बारावं घर तिचं स्वतःचं, आणि तिथे आबा.

पहिल्या आठवड्यात तिनं प्रत्येकाचा हात मोजला होता. त्यासाठी पान लांबच्या यंत्रावर ठेवायचं नाही, समोरच्याच यंत्रावर ठेवायचं. तिथे ते क्लिक करताक्षणी उघडतं, आणि मग बटण दाबेपर्यंत जो वेळ जातो तो निव्वळ माणसाचा. त्याला ती 'हाताचा आकडा' म्हणे आणि एकूण वेळेतून वजा करी. आबांचा हात मोजला तेव्हा पान इतक्या झटकन आलं की त्यांना 'एक' म्हणायलाही सवड मिळाली नाही.

"हे कसलं पाणी?" ते हसले होते. "हे तर डबकं झालं. पाय भिजायचे नाहीत यात."

"डबकंच आहे, आबा. मला तुमचा हात वजा करायचाय."

"बरोबर करतेस. खडा टाकायचा नसतो, सोडायचा असतो. टाकला की हात मोजणीत येतो." त्यांनी बोटं सैल करून दाखवली. "नव्या पोरांचं तिथेच चुकायचं."

रोज सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून बसत आणि साठ वेळा पान उघडत. दर वेळी पानावरची पहिली ओळ मोठ्यानं वाचत. पान म्हणजे नव्या नळजोडणीचा अर्ज होता.

"अर्ज-दाराचे पूर्ण नाव," ते वाचत. "रोज साठदा माझं नाव विचारतं आणि एकदाही लिहू देत नाही. जावयासारखं आहे, नुसती चौकशी."

थोरली शेजारी बसून आकडे पाही. खिडकीतून ऊन यायचं, स्क्रीनचा निळा उजेड समोरच्या भिंतीवर पडायचा, आणि क्लिक आणि पान यांच्या मधल्या शांततेत खोली जरा खाली उतरल्यासारखी वाटायची. अशा वेळी तिला लहानपण आठवे. विहिरीच्या काठावर पालथी पडून ती खाली बघायची. तळाशी आबांचा चेहरा, पणतीएवढा. ती "आबा!" अशी हाक मारायची. हाक खाली जायची, मध्ये काहीच नसायचं, आणि मग "ओ!" वर यायचा, आबांपेक्षा कितीतरी मोठा. त्या मधल्या काहीच नसण्याची तिला भीती वाटायची, आणि तेच ऐकायला ती पुन्हा हाक मारायची.

पाचव्या महिन्यात बाराव्या घराचा आकडा चढू लागला. आधी केसभर, मग ठळक. पूर्वी घड्याळाच्या दोन सेकंदांच्या थोडं वर, म्हणजे आबांच्या तीन आकड्यांत, सगळं आटोपायचं, ते तीन सेकंदांच्या पुढे गेलं. बाकीची अकरा घरं जागची हलली नव्हती.

तिनं वायर बदलली. टेबल खिडकीकडून भिंतीकडे आणलं. लाइनवाल्याला दोनदा बोलावलं. तो म्हणाला, "ताई, लाइन आरशासारखी आहे. तुम्हाला नजर लागलीय."

आबांना तर काहीच खटकत नव्हतं. क्लिक करत, मोजत आणि सांगत, "तीनवर पाणी. हललेलं नाही."

"हललंय, आबा. आकडे बघा ना."

"तुझे आकडे तुझ्यापाशी. पाणी तीनवर आहे."

ती चिडली. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला.

"एका घरापायी अकरा घरांचा या महिन्याचा अहवाल किती दिवस अडवायचा?" साहेब म्हणाले. "शुक्रवारपर्यंत बारावं घर सुधारा, नाहीतर यादीतून काढून टाका."

फोन ठेवून ती वळली तर आबा दारात उभे. सदऱ्याची वरची गुंडी लावत होते.

"मला काढतायत?"

"तुम्हाला नाही, आबा. लाइनला."

"या घरातली लाइन म्हणजे मीच की." त्यांनी गुंडी लावली. तीन प्रयत्न लागले. "चाळीस वर्षांत कुठल्या विहिरीवरून मला परत पाठवलं नाही कोणी."

थोरलीनं त्या गुंडीकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून ती यंत्रापुढे बसली आणि लांबच्या यंत्राची जोडणी तोडली.

हात दर महिन्याला नव्यानं मोजायचा, हा नियम तिनंच घातला होता. अकरा घरांत तिनं तो पाळला. आबांचा हात तिनं पहिल्या आठवड्यानंतर मोजलाच नव्हता. वडिलांच्या हातावर तिचा घड्याळापेक्षा जास्त भरवसा होता.

"बसा, आबा. डबकं मोजू."

आबा बसले. तिनं मान हलवली. त्यांनी क्लिक केलं. पान त्याच क्षणी आलं, तिला दिसलं. 'अर्जदाराचे पूर्ण नाव.' आबा पानाकडे बघत होते. त्यांचे ओठ सावकाश हलले, आणि मग अंगठा खाली आला.

"एक," ते म्हणाले. हसले. "डबक्याला खोली आली गं."

ती हसली नाही. तिनं पुन्हा मान हलवली. पुन्हा एक. दहाव्या वेळेपर्यंत आबांचंही हसू मावळलं. त्यांनी अंगठा डोळ्यांपुढे धरला, उलटा करून पाहिला. कोण्या नव्या पोराचा असावा तसा. आत आईनं कसलंसं भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"पाणी तीनवरच आहे," ते हळूच म्हणाले. "तुझी पेटी बरोबर आहे आणि लाइनही. हात मोजणीत आलाय, पोरी."

शुक्रवारी तिनं साहेबांना फोन केला. "बारावं घर ठेवायचंय. यंत्रणेत दोष नाही. हाताचा आकडा जुना होता, चूक माझी. आता रोज नवा घेऊन वजा करीन."

"रोज? बाकीच्यांचा तर महिन्याला घेता."

"या घरी रोज लागेल."

साहेबांनी कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "घ्या."

त्याच आठवड्यात ती आबांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना नाकाला बोट लावायला सांगितलं, सरळ रेषेत चालायला लावलं. मग थोरलीकडे वळून विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"गेल्या महिन्याच्या बारा तारखेपासून. बसल्या बसल्या थोडं कमी, दमले की जास्त."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "इतकं नेमकं घरचे कधी सांगत नाहीत."

डोक्याचं चित्र काढलं, त्यात गाठ निघाली. आत खोल होती. तिला हात लावता येणार नव्हता.

परतीच्या वाटेवर आबांनी विचारलं, "किती खोल म्हणाल्या त्या?"

"बरीच."

"आकडा नाही सांगितला?"

"नाही, आबा."

"मग त्यांनी खडा सोडलाच नाही," आबा म्हणाले आणि रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर रोज सकाळी ती आधी डबकं मोजी, मग विहीर. डबकं एकाचं दोन झालं. वजाबाकी केली की विहीर जिथल्या तिथे, बाराव्या घरीही अकरा घरांइतकीच. आबा साठ वेळा बसू शकेनात, तेव्हा तीस झाले, मग दहा. आई आता पेटीला नावं ठेवत नव्हती. ती त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावून देई आणि म्हणे, "जा, ड्युटीला उशीर होतोय." क्लिक आणि अंगठा यांच्या मध्ये आता खूप जागा होती. थोरली त्या जागेत वाकून बघत बसे, पालथी पडल्यासारखी. पान केव्हाच आलेलं असे. आबा खाली कुठेतरी असत. मग हात वजा करून, तळातून यावा तसा त्यांचा आवाज येई, "तीन."

अहवाल गेला. यंत्रणा पास झाली. कारकून घरून काम करू लागले, आणि बारा घरांची मोजणी संपली. त्या दिवशीही आबा सदरा घालून आले, तेव्हा तिनं मोजायचं काही काढलं नाही. लांबच्या यंत्रावरचं पान उघडलं आणि माउस बाजूला सारला.

"आज वेळ नाही मोजायची, आबा. नाव लिहा."

"लिहू देईल?"

"देईल."

त्यांनी एकेक अक्षर शोधलं. मध्येच थांबत, खिडकीकडे बघत, पुन्हा परत येत. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. काना राहिला तो मागे जाऊन घातला. आई पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. ऊन खिडकीतून निघून भिंतीवर गेलं तरी पान तसंच होतं, ते कुठे जात नव्हतं. लिहून झाल्यावर आबांनी सगळं मोठ्यानं वाचलं आणि लांब बटणावर अंगठा टेकला.

"पोचलं का तिथे?"

"पोचलं."

इथून बाहेर पडलं की लांबचं यंत्र पान पुन्हा कोरं करतं, हे थोरलीला ठाऊक होतं. तिनं नुसता स्क्रीन मिटला. लॉग आउट केलं नाही.

धाकटीच्या लग्नाला वर्ष पुरं व्हायला नऊ दिवस होते, तेव्हा सोमवारी सकाळी आबा गेले.