मागचा आकडा

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरचा हिरवा ठिपका लाल झाला आणि चार सेकंदांत पुन्हा हिरवा झाला.

सांडपाणी केंद्राच्या नियंत्रण कक्षात ऑपरेटरबाई एकट्याच होत्या. केंद्राचे सर्वांत जुने मेकॅनिक, ज्यांना सगळे मामा म्हणत, तीनला विहिरीत उतरले होते. पंप अडकला होता. विहिरीतला विषारी वायू मोजणारं यंत्र आकडा पाठवत होतं: शून्य. विहिरीच्या तोंडाशी लावलेल्या दिव्यांच्या पाटीवरही कक्षातून तोच आकडा जाई. मामांचा त्यावर भरवसा नव्हता. दर पाच मिनिटांनी ते पान्याने पाइपावर दोन ठोके मारत. ते थेट कक्षात ऐकू येत. आजही उतरताना म्हणाले होते, "पोरी, तुझे चौकोन तू सांभाळ. मी आपला पान्यावर जगतो."

सव्वातीनला दोन ठोके आले. बाईंना हायसं वाटलं, तोच यंत्राशी संपर्क दाखवणारा तो ठिपका पुन्हा लुकलुकला.

इथला प्रोग्राम ओळींनी लिहायचा नसे. पडद्यावर चौकोन मांडून रेघांनी जोडायचा. बाईंनी जोडणीचा चौकोन उघडला. यंत्राचा पत्ता बरोबर होता, रेघा जागेवर होत्या. शेवटी आकड्याच्या रेघेला त्यांनी वेळ दाखवणारा चौकोन जोडला.

ते शून्य दोन वाजून चाळीस मिनिटांचं होतं.

तेव्हापासून संपर्क जुळत होता, पण दर वेळी आकडा पोहोचायच्या आत तुटत होता. आणि मध्ये बाईंनीच गेल्या महिन्यात टाकलेला चौकोन होता: संपर्क तुटला, तर मागचा आकडा धरून ठेव. तेव्हा संपर्क तुटून दिवसभर भोंगा केकाटायचा, साहेबांचे कान किटले होते. भोंगा गप्प झाल्यावर त्यांनी बाईंची पाठ थोपटली होती.

बाईंनी तो चौकोन काढून टाकला. आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ आली. त्यांनी विहिरीवर दोर धरून बसलेल्या फिटरला फोन लावला आणि मामांना वर काढायला सांगितलं.

"अहो ताई, आत्तापर्यंत शून्य होतं की पाटीवर."

"ते शून्य मी धरून ठेवलं होतं. विहिरीचं नव्हतं ते. ओढा."

फोनमधून त्याची धाप ऐकू आली. मग तो म्हणाला, "जड लागतोय दोर."

तीन वीसला पाइपावर एक ठोका पडला. बाई पाइपाला कान लावून उभ्या राहिल्या. तीन एकवीसपर्यंत दुसरा आला नव्हता.