कोर्रादो एव्हरेस्टला निघाला

लोरेदानाने दोन वर्षं रजा साठवली ती एकटीने हिमालयात जाता यावं म्हणून. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत चालत जायचं, परत यायचं आणि वाटेत कुणाशी फार बोलावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं. इस्पितळात दिवसभर लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढून, "श्वास रोखा, आता सोडा" म्हणून म्हणून तिचा जीव विटला होता. डोंगर चढायची तिला सवय नव्हती. सगळ्यात उंच वस्तू म्हणजे गोदीतली क्रेन, अशा फ्रीमँटल या ऑस्ट्रेलियातल्या बंदरात ती वाढलेली. म्हणूनच तयारी शिस्तीत करायची, असं तिने ठरवलं होतं.

चूक एकच झाली. एका रविवारी घरी जेवताना ती हे बोलून बसली.

तिचा बाप कोर्रादो मूळचा इटलीचा, सारी हयात समुद्रातून शेवंडी पकडायचे पिंजरे ओढून आता घरी बसलेला. त्याने ताटातून मान वर केली आणि मीही येतो म्हणाला. आईने, फिलोमेनाने, नवऱ्याकडे पाहिलं नाही, लेकीकडे पाहिलं. "घेऊन जा गं बाई. तीन आठवडे घरात शांतता तरी नांदेल." दोन दिवसांचं खूळ आहे, आपोआप उतरेल, असं समजून लोरेदाना "बरं बरं" म्हणाली. तिथेच ती फसली. सोमवारी कामावरून येईपर्यंत बातमी मच्छीमारांच्या क्लबात पोचून, तिथे पत्त्यांच्या टेबलावर चांगली मुरून, बेकरीपर्यंत आली होती. कोर्रादो एव्हरेस्टवर चढणार. पायथ्याशी नव्हे, वर, थेट शिखरावर. बेकरीवाल्याने तिला पाव देताना विचारलं की वर गेल्यावर झेंडा कुठला लावणार, इटलीचा की ऑस्ट्रेलियाचा.

तिने बापाला बजावलं की लोकांना खरं काय ते सांग. तो म्हणाला, पायथा काय नि डोकं काय, डोंगर तोच ना.

मग तयारी सुरू झाली. दर शनिवारी सकाळी दोघं पर्थला, किंग्ज पार्कच्या टेकडीवरच्या त्या उभ्या दगडी पायऱ्यांवर जात. लोक तिथे घाम गाळायलाच येतात, खाली-वर, खाली-वर. पहिल्या दिवशी कोर्रादो बोटीवरचे पांढरे रबरी गमबूट घालून आला. लोरेदानाने डोळे मिटून घेतले. त्याच दिवशी तिने त्याला दुकानात नेऊन चढाईचे चांगले कातडी बूट घेऊन दिले आणि रोज घरात घालून पायाला सवय कर, असं सांगितलं. त्याने त्याहून सोपा उपाय काढला. कातडं खाऱ्या पाण्यात भिजवलं की मऊ पडतं, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. बूट रात्रभर बादलीत बुडवून त्याने उन्हात टाकले. ते सुक्या बोंबलासारखे वाकडे आणि कडक झाले. दुसरी जोडी आणावी लागली. त्यावर त्याचं म्हणणं एवढंच, की हल्ली कातडं पूर्वीसारखं येत नाही.

पायऱ्यांवर तो ओळखपाळख काढत चढायचा. एक बाई कानात गाणी लावून पळत होती. तिला थांबवून त्याने तिच्या आजोळची चौकशी केली. उंचीवर हवा विरळ होते, डोकं दुखतं, हळू चालावं लागतं, पाणी सतत प्यावं लागतं, हे लोरेदाना त्याला पुन्हा पुन्हा समजावायची. तो मान डोलवायचा आणि खाली उतरल्यावर कॉफीबरोबर गोड पाव मागवायचा. तिथे वाइन पिता येणार नाही, हे मात्र त्याने एकदाच ऐकलं आणि त्याचा चेहरा असा पडला, की जणू घरात कुणी गेलं.

एका बाबतीत मात्र तिला बोलायला जागा नव्हती. पाठीवरची पिशवी पाण्याच्या बाटल्यांनी भरायची आणि आठवड्या-आठवड्याला वजन वाढवत न्यायचं, असा नेम होता. लोरेदानाचे खांदे पट्ट्यांनी सोलवटून निघाले. कोर्रादो मात्र टम्म फुगलेली पिशवी डाव्या खांद्यावर टाकून शीळ घालत वर जायचा. "चाळीस वर्षं पिंजरे ओढलेत, पोरी," तो म्हणायचा. तिला त्याचा आणखीच राग यायचा.

सप्टेंबरात शेवटचा मोठा सराव म्हणून ती त्याला दक्षिणेला ब्लफ नॉलवर घेऊन गेली. त्या मुलखात त्याहून उंच डोंगर नाही. वर ढग उतरले होते, वारा माणसाला ढकलत होता. कोर्रादो वाटभर रानफुलं आणि वारा यांवर बोलत राहिला, पण उतरताना गप्प झाला. खाली गाडीपाशी आल्यावर पिशवी टेकवून तो मुतारीकडे गेला. जड पिशवी उचलायची म्हणून लोरेदानाने पाय रोवले, कंबर सांभाळली आणि जोर लावला. ती मागे कोलमडता कोलमडता वाचली. पिशवीला वजनच नव्हतं.

तिने चेन उघडली. आत आईच्या कोचावरच्या दोन उशा होत्या, आणि त्यांच्या मधे कागदात गुंडाळलेला खारवलेल्या मांसाचा अर्धा सलामी सॉसेज.

तो परत आला तेव्हा ती उशा हातात धरून उभी होती.

"पापा, हे काय आहे?"

कोर्रादोने आधी उशांकडे पाहिलं, मग डोंगराकडे. "खांदा," तो म्हणाला.

उजवा खांदा डोक्याच्या वर जात नव्हता. वर्ष होऊन गेलं होतं. डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणाले होते, त्याने ते आईलाही सांगितलं नव्हतं. लोरेदानाने उशा पुन्हा पिशवीत कोंबल्या. महिनोन्‌महिने हा माणूस डाव्या हाताने पेला उचलतोय, डाव्या हाताने गाडीचं दार लावतोय, आणि रोज लोकांचे खांदे तपासणाऱ्या आपल्याला ते दिसलं नाही, याचा तिला त्याच्याइतकाच स्वतःचाही संताप आला.

परतीच्या वाटेवर ती बरंच बोलली. आपली दोन वर्षांची रजा, वाया गेलेले बूट, वर डोंगरात कुठे तो खांदा निखळला असता तर काय केलं असतं, सगळं काढलं. तो ऐकत राहिला. शेवटी तिने विचारलं की अरे, यायचंच नव्हतं तर तसं सांगायचं होतंस.

"यायचंय मला," तो म्हणाला. "आणि क्लबात सांगून झालं होतं गं. पत्ते खेळताना आता सगळे मलाच आधी पानं वाटतात."

घर येईपर्यंत तिने मार्ग काढला: त्याची पिशवी तिथला हमाल वाहील, तळाच्या वाटेवरच्या नामचे गावापर्यंत तो चालत येईल आणि तिथे थांबेल, ती पुढे जाऊन येईल. आणि हे सगळं क्लबात तो स्वतःच्या तोंडाने सांगेल. तो कबूल झाला. लगेच कबूल झाला, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

निघायच्या आधीच्या रविवारी क्लबात निरोपाचं जेवण होतं. भिंतीवर कुणीतरी बर्फाच्या डोंगराचं चित्र लावलं होतं. जेवणं झाल्यावर कोर्रादो उठला, घसा खाकरला आणि आपण शिखरावर जात नाही आहोत, असं त्याने सांगितलं. लोरेदानाने सुटकेचा श्वास घेतला. मग तो म्हणाला की मी गेलोही असतो, पण माझ्या लेकीचा गुडघा नाजूक आहे. ती लाजते, बोलत नाही. तिला काही झालंच तर खाली कुणीतरी माणूस हवा. म्हणून मी नामचेला थांबणार. बापाला एवढं करावंच लागतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघातिघांनी डोळे पुसले.

लोरेदानाचं तोंड उघडं राहिलं. एक वाक्य बोललं असतं तर सगळा फुगा फुटला असता, आणि ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही होतं. तिने बापाकडे पाहिलं. तो डावा हात खुर्चीच्या पाठीवर टेकून उभा होता, उजवा खिशात घातलेला, आणि तिच्याकडे मुळीच बघत नव्हता. तिने तोंड मिटलं.

मग बायका तिच्याभोवती जमल्या. म्हाताऱ्या नुन्झियाताने तिला खुर्चीत बसवलं, पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली आणि पर्समधून कापराचा वास मारणारं मलम काढून धडधाकट गुडघ्यावर दहा मिनिटं रगडलं. बाकीच्या आपापल्या गुडघ्यांच्या कहाण्या सांगत होत्या. "जपून हं," नुन्झियाता म्हणाली, "असा बाप सगळ्यांना मिळत नाही."

"खरंय," लोरेदाना दात आवळून म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिने आधी इस्पितळात निरोप पाठवून हिमालयातून परतल्यानंतरच्या आठवड्यात बापाच्या खांद्याच्या शस्त्रक्रियेची वेळ मागितली आणि मगच गाडी सुरू केली. आई मागच्या सीटवर झोपून गेली होती. कोर्रादोने तिच्या फोनवरचा तो निरोप वाचला. थोडं अंतर गेल्यावर त्याने विषय काढला, की हमालाने पिशवी घेतली तरी एक छोटी थैली आपल्याजवळ असायला हवी, माणूस अगदीच रिकाम्या हाताने डोंगरात शिरला तर तिथले लोक काय म्हणतील. घर येईपर्यंत तो थैलीवर बोलत होता. तिने त्याला बोलू दिलं.