तुपाचे हात

धर्मेंद्र दीडशे किलोच्या घरात होता तेव्हा लोक त्याला हसायचे, आणि आता अर्धा झाला तर त्याची कीव करतात. लोकांचं काय घेऊन बसलात! ते घोड्यावर बसू देत नाहीत अन् पायीही चालू देत नाहीत. ऑफिसातला मुकुंद रोज चहाच्या वेळी जवळ सरकून, आवाज बारीक करून विचारतो, "काय गा धर्मा, रिपोर्ट कशाचे हायेत? शुगर निघाली, का दुसरं काही?" कोणी असं म्हणत नाही की बापा, दोन वर्षं तू पहाटे उठून हुडकेश्वरच्या रस्त्यानं चाललास, समोशाकडे मान वळवून पाहिलं नाहीस, शाब्बास तुझी.

चरबी गेली, पण कातडं कुठं जाणार? ते जागच्या जागी राहिलं. दंडाखाली रिकाम्या झोळीसारखं लोंबायचं, पोटावरून घडी होऊन खाली उतरायचं, मानेखाली सुटून आलेलं. वय चाळिशीच्या आतलं आणि अंग ऐंशीच्या म्हाताऱ्याचं! मे महिन्यात, नागपूरच्या त्या उन्हात, धर्मेंद्र पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि त्याच्या आत अंगाला आवळून बसणारी बनियन घालून फिरायचा. घड्यांमध्ये घाम साचायचा, कातडी सोलून निघायची, मग आंघोळ झाली की दार लावून एकटाच पावडर लावत बसायचा. बायकोसमोरही त्यानं कधी शर्ट काढला नाही. मिनल म्हणायची, "माझ्यासमोर काय लाजता तुम्ही? मी काय परकी हाये?" ती मनापासूनच म्हणायची, पण त्याला ते ऐकवत नसे.

हे सगळं त्यानं हौसेनं थोडंच केलं होतं! त्याचं मूळ पारशिवनीजवळच्या गावात होतं, त्याच्या बापाच्या, चंपतरावांच्या तिरडीशी.

चंपतराव गेले तेव्हा थोरल्या अनंतनं मडकं धरलं आणि धाकट्या धर्मेंद्रानं पुढचा खांदा दिला. वीस-पंचवीस पावलं गेला नसेल, की त्याचा श्वास कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली, गुडघे वाकले आणि तिरडी एका बाजूला कलली. बायका ओरडल्या. गावातला धोंडबा धावत येऊन खांद्याखाली शिरला आणि म्हणाला, "सोड बाबू, सोड. नाई तर आज दोन न्या लागन." कोणीतरी तशातही हसलं. धर्मेंद्र रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिला आणि बापाची अंत्ययात्रा त्याच्यासमोरून पुढे निघून गेली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दगडावरच त्यानं ठरवलं, आता या गावात पाय टाकीन तर बारीक होऊनच.

आणि इथंच त्याचं गणित चुकलं. मायनं बोलावलं, अनंतनं बोलावलं, सणवार आले आणि गेले, पण हा आपला फोनवरच. "येतो माय, सुट्टी नाई माय, पुढच्या महिन्यात पक्का येतो." रोज फोन करायचा, त्यात खाडा नाही. पण तोंड दाखवलं नाही. त्याला वाटायचं, एकदम समोर उभा राहीन आणि माय पाहतच राहील. तिकडे मायचे, गोपिकाबाईंचे, डोळे काचबिंदूनं विझत चालले होते. डोळ्यांपाठोपाठ डोकंही विसरभोळं झालं. आधी कालचं विसरायला लागली, मग सकाळचं. हा इकडे तिला दाखवण्यासाठी झिजत होता आणि तिकडे बघणारीच आंधळी होत होती. दैवानं अशी थट्टा करू नये कोणाची.

शेवटी अनंत तिला इलाजासाठी नागपूरला घेऊन आला. गाडी दाराशी थांबली तसा धर्मेंद्र धावतच गेला. खाली वाकून पाया पडला आणि म्हणाला, "माय, मी धर्मा."

"आला माया पैलवान!" म्हणत गोपिकाबाईंनी हात पुढे केला. त्यांची जुनीच सवय होती ती. लेक आला की आधी दंड चाचपायचा, चिमटीत न मावणारा तो दंड दाबायचा आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, खात्यापित्या घरचा हाये माया धर्मा! आता त्यांच्या बोटांत नुसतं कातडं आलं, आणि हाडावरून सरकलं. हात तिथंच थबकला. दंडावरून कोपरापर्यंत गेला, परत वर आला. मग त्यांनी तो झटकन मागे घेतला आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला.

"अनंता, हा कोण म्हातारा हाये रे?"

"अवं माय, धर्मा हाये. बारीक झाला तो."

"मले येडी समजतं काय? आवाज माया धर्माचा काढून राह्यला, पण अंग त्याचं नाई. म्या पाजलं त्याले, मले नाई समजत?" आणि मग भीत भीत, "तू बी मिळाला काय रे यायले?"

धर्मेंद्र हात पसरून तसाच उभा राहिला. दोन वर्षं त्याला जोडे झिजवताना जे दुखलं नाही ते त्या एका पदरानं दुखलं. जन्मदात्या आईनं लेकासमोर पदर घ्यावा, परक्या वडीलधाऱ्यासमोर घेतात तसा! अनंत दुसऱ्या दिवशी गावी परतला आणि माय राहिली.

मिनलनं समजावलं, शेजारच्या अंजनाबाईंनी समजावलं. गोपिकाबाई "हो का" म्हणायच्या आणि तासाभरात विसरायच्या. अंजनाबाईंनी तर भलतंच करून ठेवलं. आजकाल मोबाइलवर लोक दुसऱ्याचा आवाज काढून फसवतात, असं त्या गप्पांत बोलून गेल्या. बाकी सगळं विसरणाऱ्या गोपिकाबाईंनी नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं. धर्मेंद्रानं "माय" म्हटलं की त्यांचं तोंड बंद. तो गोळ्या द्यायला गेला की पदर सावरून म्हणायच्या, "तुम्ही काहून तरास घेता? सूनबाई देईन." तुम्ही! लेकाला तुम्ही!

मग एक दिवस त्याला सुचलं. तो गच्चीवर गेला आणि तिथून मिनलच्या मोबाइलवर फोन लावला. मिनलनं तो सासूच्या कानाला लावला.

"माय, जेवली काय?"

"धर्मा! कुठं हाये रे बापू तू?" खालच्या खोलीत गोपिकाबाईंचा आवाज असा उजळला, की तो जिन्यातून वर गच्चीपर्यंत ऐकू आला. "जेवली, जेवली. तू कवा येतं? इथं एक म्हातारा राह्यते. चांगला हाये बिचारा, गोळ्या देते मले. पण मले अवघड वाटते रे त्याच्यासमोर. तू ये अन् मले घेऊन जाय."

"येतो माय. पोळ्याले येतो." त्याच्या तोंडून निघून गेलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो ऑफिसातून येऊन, हातपाय धुऊन, स्वतःच्याच घराच्या गच्चीवर जाऊन आईला फोन करायचा. खाली आला की परत म्हातारा. मिनल एकदा न राहवून रडली. धर्मेंद्र डॉक्टरकडेही जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं कातडं काढता येईल, पण दंडावर काखेपासून कोपरापर्यंत टाक्यांचा वण राहील. तो घरी येऊन म्हणाला, "मिनल, वण आला तर चालेल, दंड तर घट्ट होईल." मिनल म्हणाली, "आणि आईनं वणावरून हात फिरवला तर? तेव्हाही त्या हेच म्हणतील, हा माझा धर्मा नाही." त्यानं ऑपरेशनचं नाव सोडलं. एकदा तर संतापून बर्डीच्या बाजारात जाऊन त्यानं तर्री-पोह्याच्या दोन प्लेटा घेतल्या, की होऊ दे परत जाडा. अर्धी प्लेटही उतरली नाही. सवय मोडली होती पोटाची. तिथंच गाडीपाशी उभं राहून तो रडला आणि पोहेवाल्यानं तर्री तिखट झाली असं समजून त्याच्यापुढे पाणी केलं.

असा पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गोपिकाबाई अचानक कामाला लागल्या. डोकं कितीही विसरो, हातांना सण कळतात. "सूनबाई, तूप गरम कर. हळद घाल त्याच्यात. खांद शेकाची हाये." शेतकऱ्याच्या घरी त्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात. वर्षभर जू ओढून ओढून तिथं घट्टे पडलेले असतात ना! चोळून झालं की बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. चंपतरावांच्या घरी हे काम गोपिकाबाईंचंच होतं. लहानपणी धर्मेंद्र बैलांच्या रांगेत आपणही उभा राहायचा, सदरा काढून. माय हसत हसत त्याचाही गुबगुबीत खांदा चोळून द्यायची.

मिनलनं हळद-तुपाची वाटी हातात देत म्हटलं, "आई, हे हुडकेश्वर हाये. इथं बैल कुठले?"

"अवं, मंग हे काय बांधले नाई? अंगणात तर उभे हायेत." गोपिकाबाई तुपाची वाटी घेऊन चाचपडत उठल्या. भिंतीला धडकल्या. बैल सापडेनात म्हणून कावऱ्याबावऱ्या झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. "उपाशी जातीन रे बिचारे. कोनी आवतन नाई देल्लं."

धर्मेंद्र नुकताच ऑफिसातून आला होता. दारात उभा राहून त्यानं हे पाहिलं. मग त्यानं शर्टाची बटणं सोडली. शर्ट काढला. ती आवळलेली बनियन डोक्यावरून ओढून काढली. मिनलसमोर, लख्ख उजेडात. दंडाचं, पोटाचं, छातीचं सगळं कातडं मोकळं होऊन खाली आलं. मिनलनं ते पहिल्यांदा पाहिलं आणि तिनं नजर वळवली नाही. तो मायच्या पुढ्यात गेला, दोन्ही हात जमिनीवर टेकून ओणवा झाला आणि मान खाली घालून थांबला.

गोपिकाबाईंचा हात हवेत फिरत होता, तो त्याच्या खांद्यावर आला. "हा बघ, इथं तर हाये," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. कोमट तूप खांद्यावर ओघळलं. बापाची तिरडी ज्या खांद्यावरून कलली, तोच खांदा. गोपिकाबाई चोळू लागल्या, तळव्यानं, अंगठ्यानं, जुन्या सवयीनं. चोळता चोळता हात मानेखाली गेला, तिथलं लोंबतं कातडं बोटांत धरून पाहिलं, मग दंडाचं. धर्मेंद्राला वाटलं, आता ती हात मागे घेणार, पदर ओढणार.

"अरे बापा," गोपिकाबाई हळू म्हणाल्या, "हा तर म्हातारा झाला. कातडं सुटलं याचं." आणि त्यांनी त्या कातड्यावरून परत एकदा हात फिरवला, घडी घडी उलगडून, तिच्या आतही तूप लावत. जिथं सोललं होतं तिथं हळद लागून चरचरलं. "लय ओढलं रे राजा तू. कोनासाठी ओढलं येवढं?"

त्याच्या ओठांवर आलं, माय, तुझ्यासाठीच. पण बैल कधी बोलतो का? बोललो तर हा हात उठून जाईल, या भीतीनं त्यानं ओठ आवळून धरले.

"आइकलं काय जी?" त्या वळून कुठंतरी चंपतरावांना म्हणाल्या. "याले आता जुपू नका. पुरे झालं यानं." मग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

धर्मेंद्राच्या डोळ्यांतलं पाणी फरशीवर पडलं. दोन वर्षांत त्याला पहिल्यांदा कोणीतरी पुरे म्हटलं होतं.

आणि तेव्हाच गोपिकाबाईंनी मान वर करून, शेतातून हाक मारावी तशी मोठ्यानं हाक मारली, "धर्माऽ! ये धर्मा! याले पाणी दाखव रे!"

त्यानं मिनलकडे पाहिलं. मग बैलासारखाच ओणवा असताना, खांदा मायच्या हाताखाली असताना, तो म्हणाला, "हो माय. पाजतो."

हात थांबला. गोपिकाबाईंचा चेहरा उजळला. "आला रे? कवा आला बापू?"

"आत्ताच माय. पोळ्याले येतो म्हणलं होतं ना."

"माया पैलवान आला!" त्या हसल्या, उठायला गेल्या, आणि थबकल्या. "थांब, माये हात तुपाचे हायेत. तुये कपडे खराब होतीन. हात धुतो अन् मंग तुया दंड पाह्यतो."

तेवढं बोलून त्या पुन्हा बैलाचा खांदा चोळू लागल्या. मिनल घाईघाईनं आत गेली आणि हात धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन आली.

धर्मेंद्रानं खालूनच हात वर करून तिला थांबवलं.